हजेरीपटातला दमा

मुलाला दमा आहे का, हे ओळखायचं सगळ्यात स्वस्त साधन शाळेत पडून असतं: हजेरीपट. जूनअखेरीला सलग चार-पाच दिवस गैरहजर, श्रावणात पुन्हा तीन दिवस, दिवाळीनंतर शाळा भरली की आठवडाभर गायब, आणि प्रत्येक अर्जावर कारण एकच, सर्दी-खोकला. वर्गशिक्षकांना हा क्रम दिसतो, त्याचा अर्थ लागत नाही. गल्लीतल्या डॉक्टरांना अर्थ लागला असता, पण त्यांना क्रम दिसत नाही. मूल त्यांच्याकडे 'आजचा खोकला' घेऊन येतं आणि निम्म्या वेळा दुसऱ्याच दवाखान्यात जातं. मुलांच्या दम्याचं घोडं मुख्यतः इथे अडतं. औषधं चांगली आहेत, कोल्हापुरात मिळतात. मूल बरं असतानाच्या दिवसांची जबाबदारी मात्र कुणाकडेच नसते.

२०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्लोबल अस्थमा नेटवर्कच्या भारतातल्या पाहणीत, छातीत घरघर होणाऱ्यांपैकी ८२ टक्के जणांना दम्याचं निदानच झालेलं नव्हतं. हे कसं घडतं ते जुने केसपेपर चाळले की कळतं. एकदा 'ॲलर्जिक ब्राँकायटिस', पुढच्या वेळी 'व्हायरल', मधेच 'बाळदमा आहे, मोठेपणी जाईल', आणि खोकला फारच लांबला तर 'प्रायमरी कॉम्प्लेक्स' म्हणून सहा महिने टीबीच्या गोळ्या. मुलगी असेल तर आईवडीलच सांगतात, कागदावर दमा लिहू नका. निदान लिहिलं नाही की रोजचं औषध लिहायला कारण उरत नाही. मग प्रत्येक झटका नवा समजून तोच उपचार: मशीनची (नेब्युलायझरची) वाफ, इंजेक्शन, अँटिबायोटिक आणि पातळ औषधाच्या दोन बाटल्या.

पाच वर्षांवरच्या मुलात दमा ओळखायला फार यंत्रं लागत नाहीत. सर्दी दर वेळी छातीत उतरते आणि दहा दिवसांवर रेंगाळते. खोकला रात्री किंवा पहाटे वाढतो. पळालं, खदखदून हसलं, रडलं की ढास लागते. सॅल्ब्युटामॉल, म्हणजे श्वासनळी रुंद करणारं औषध, दिलं की दहा-पंधरा मिनिटांत मोकळं वाटतं. घरात कुणाला दमा किंवा सततच्या शिंका, मुलाच्या अंगावर इसब. यातलं बरंचसं जुळलं तर दमाच आधी धरायचा. सहाच्या पुढचं मूल पीक फ्लो मीटरमध्ये (फुंकेचा जोर मोजणाऱ्या साध्या उपकरणात) नीट फुंकू शकतं. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ आकडे लिहून ठेवले आणि रोजचा चढउतार सरासरी १३ टक्क्यांहून जास्त निघाला, तर निदान पक्कं व्हायला मदत होते.

काही खुणा मात्र दिसल्या की थांबायचं: वजन वाढत नाही, रोजच ओला खोकला, दोन आठवड्यांवर ताप, बोटांची टोकं फुगलेली. आणि धडधाकट दोन वर्षांचं मूल शेंगदाणे खाताना ठसकलं, त्या दिवसापासून छातीच्या एकाच बाजूला घरघर आहे, तर शेंगदाणा श्वासनळीत अडकलाय असंच धरून सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, किंवा दुर्बीण टाकायची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवायचं. तिथे पंपाचा (इन्हेलरचा) उपयोग नाही.

पातळ औषधाचं गणित प्रत्येक डॉक्टरने पालकांसमोर एकदा तरी करून दाखवावं. सॅल्ब्युटामॉलच्या सिरपमध्ये ५ मिलीला २ मिलिग्रॅम, म्हणजे २००० मायक्रोग्रॅम औषध असतं. पंपाच्या एका पफमध्ये, म्हणजे एकदा दाबल्यावर निघणाऱ्या फवाऱ्यात, १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे एक चमचा सिरप बरोबर वीस पफ. ते पोटात जाणार, रक्तात उतरणार, अंगभर फिरणार आणि त्यातला थोडा वाटा उशिरा छातीला मिळणार. हात थरथरतात, छाती धडधडते, मूल रात्रभर चुळबुळतं, ते त्या चमच्यामुळेच. तरीही लोक म्हणतात, पंप जोराचा असतो, आधी पातळ औषध देऊन बघू. वाफेच्या मशीनबद्दलही असाच गैरसमज आहे. साध्या आणि मध्यम झटक्यात स्पेसरमधून (पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायच्या पोकळ नळकांड्यातून) दिलेले पफ मशीनच्या वाफेइतकेच काम करतात. त्यांना लाईट लागत नाही आणि शाळेत देता येतात.

आता रोजचं औषध. दम्यात श्वासनळीला आतून सूज असते, आणि झटका नसतानाही ती असते. सॅल्ब्युटामॉल नळी तेवढ्यापुरती रुंद करतं, सुजेला हात लावत नाही. सूज उतरवतो तो ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन यांसारख्या स्टेरॉइड औषधांचा पंप. ६ ते ११ वर्षांच्या मुलाला ब्युडेसोनाइडचा कमी डोस म्हणजे दिवसाला १०० ते २०० मायक्रोग्रॅम. दोन-तीन महिने रोज घ्यायचा, दर वेळी घेऊन झाल्यावर चूळ भरायची, आणि मग बघायचं की रात्रीचा खोकला गेला का. फरक नसेल तर डोस वाढवण्याआधी मुलाला समोर बसवून पंप घ्यायला सांगायचं. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं.

स्टेरॉइड म्हटलं की घरातली आजी आडवी येते, आणि तिची शंका अगदी बिनबुडाची नसते. रोजच्या पंपाने सुरुवातीच्या एक-दोन वर्षांत उंची साधारण एक सेंटीमीटरने मागे राहू शकते. पुढे ती तूट वर्षागणिक वाढत जात नाही. दुसऱ्या बाजूला, वीस किलोच्या मुलाला मोठा झटका आला की तीन ते पाच दिवस प्रेडनिसोलोन हे पोटातून घ्यायचं स्टेरॉइड द्यावं लागतं, दिवसाला निदान २० मिलिग्रॅम, म्हणजे २० हजार मायक्रोग्रॅम. ही दोन्ही औषधं वेगळी आहेत, आकड्याला आकडा सरळ लावता येणार नाही. पण वर्षातून चार वेळा असा कोर्स घेणाऱ्या मुलाच्या अंगात रोजचा पंप घेणाऱ्यापेक्षा जास्त स्टेरॉइड जातं, हे आजीलाही पटतं. माँटेल्युकास्ट आणि लिव्होसेटिरिझिनच्या गोळीवर महिनोन्महिने ठेवलेली मुलंही पुष्कळ असतात. त्यातल्या माँटेल्युकास्टने काहींची झोप आणि स्वभाव बिघडतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये त्याबद्दल सर्वात कडक इशारा दिलाय. तो पालकांना सांगायला एक मिनिट पुरतं.

बारा वर्षांच्या पुढचे नियम बदललेत. २०१९ पासून ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमाच्या मार्गदर्शिकेत, या वयात नुसत्या सॅल्ब्युटामॉलवर दमा हाकू नये, असं स्पष्ट म्हटलंय. त्यामुळे सातवी-आठवीतल्या मुलाकडे ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉलचा एकत्र पंप असू शकतो आणि झटक्यातही तोच वापरायचा असू शकतो. शिक्षकांनी पंपाच्या रंगावर जाऊ नये. कागदावर डॉक्टरांनी लिहिलेलं नाव आणि डब्यावरचं नाव ताडून बघावं.

पंप घेण्यातल्या चुका ठरलेल्या आहेत. पंप हलवला नाही. दोन पफ एकदम मारले. पफ मारला आणि श्वास उशिरा घेतला. मास्क नाकातोंडावर घट्ट बसला नाही. आणि सगळ्यात मोठी चूक, स्पेसर न वापरता थेट तोंडात. तेव्हा औषध घशावर आपटतं आणि तिथेच राहतं. बरोबर पद्धत अशी: पंप चांगला हलवायचा, स्पेसरला लावायचा, एक पफ, आणि मुलाने सावकाश पाच-सहा श्वास घ्यायचे. अर्धा-एक मिनिट थांबून पुन्हा हलवायचा आणि दुसरा पफ. चार वर्षांखाली मास्क, त्यापुढे मूल ओठ घट्ट मिटू शकत असेल तर स्पेसरची नळी थेट तोंडात. आठवडाभर न वापरलेल्या पंपाचे पहिले एक-दोन पफ हवेत सोडायचे. पंप संपला का हे बघायला डबी पाण्यात तरंगवतात, त्यातून काही कळत नाही. आतलं औषध संपलं तरी वायू शिल्लक असतो, फुस्स आवाज येत राहतो आणि मुलाला काहीच मिळत नाही. काउंटर असलेला पंप घ्यावा. नसेल तर सुरू केल्याची तारीख डब्यावर लिहावी आणि हिशेब ठेवावा. सॅल्ब्युटामॉलच्या पंपात साधारण २०० पफ असतात, आणि वर्षात असे तीन पंप संपले तर तो दमा आटोक्यात नाही. हे सगळ्यात आधी मेडिकलवाल्याच्या लक्षात येऊ शकतं. 'तोच पंप द्या' म्हणून चौथ्यांदा आलेल्या वडिलांना त्याने डॉक्टरांकडे पिटाळावं.

स्पेसर महाग वाटत असेल तर बाटलीचा करावा. हा जुगाड दक्षिण आफ्रिकेत नीट तपासला गेला आणि १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पंपाभोवतीची फट बंद केलेली अर्ध्या लिटरची बाटली विकतच्या स्पेसरच्या तोडीची ठरली. कोल्ड्रिंकची बाटली धुऊन वाळवायची. पंपाच्या तोंडाच्या आकाराची तार वाकवून तापवायची आणि बुडाला बरोबर तेवढंच भोक पाडायचं. पंप त्यात घट्ट बसला पाहिजे. फट राहिली तर गोंदाने किंवा चिकटपट्टीने बंद करायची. मूल बाटलीच्या तोंडातून श्वास घेतं. नव्या प्लास्टिकवर स्थिर वीज असते, ती औषधाचे कण कडेलाच ओढून घेते. म्हणून भांड्याच्या साबणाच्या पाण्यात बुडवून काढायची आणि न पुसता पालथी ठेवून निथळू द्यायची. विकतच्या प्लास्टिक स्पेसरलाही हाच नियम: फडक्याने घासून पुसला की वीज पुन्हा तयार. बाटलीचा आणखी एक फायदा असा की प्रत्येक मुलाला स्वतःची देता येते, एकमेकांची तोंडात घालायला नको.

आपल्या कोल्हापूर भागात झटक्यांचे दोन हंगाम आहेत. पहिला जूनच्या मध्यापासून. शाळा आणि पाऊस हातात हात घालून येतात, बंद खिडक्यांच्या वर्गात एकाची सर्दी चाळीस जणांना होते, आणि मुलांमधले बहुतेक झटके सर्दीच्या विषाणूनेच सुरू होतात. त्यात गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या पट्ट्यात भिंतीला बुरशी, न वाळलेली बसकरं, कुबट घोंगडी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाण्यात गेलेल्या घरांतल्या कापसाच्या गाद्या वाळवून पुन्हा वापरल्या गेल्या असतील, तर दम्याच्या मुलाला त्यावर झोपवू नये. दुसरा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि ऊस संपेपर्यंत चालतो. फटाके, घराची झाडलोट, पेटवलेलं पाचट, गुऱ्हाळाच्या चुलवाणातलं चिपाड, शिवाय पहाटेची थंडी. थंड हवेत धूर वर चढत नाही, गावावर पसरून राहतो, आणि मूल नेमकं त्याच वेळी चालत शाळेला निघतं. पाचट न जाळता सरीत कुजवलं तर जमिनीचंही भलं होतं हे शेतकऱ्यांना कृषी विभाग सांगतोच. शाळेला लागून असलेल्या फडापुरतं तरी शाळा व्यवस्थापन समितीने मालकाशी बोलावं, निदान शाळा सुटल्यावर पेटवा म्हणावं.

गंमत अशी की एप्रिल-मेमध्ये मूल ठणठणीत असतं, म्हणून घरचे पंप बंद करतात आणि जूनमध्ये सूज उघडीच सापडते. डोस कमी करायचाच तर निदान तीन महिने दमा आटोक्यात असला पाहिजे, आणि तो डॉक्टरांनी ठरवून कमी करावा. मूल बरं असताना वर्षातून दोनदा बोलवावं: शाळा सुरू होण्याच्या पंधरा दिवस आधी आणि दसऱ्याच्या सुमारास. चार प्रश्न पुरतात. गेल्या चार आठवड्यांत आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त दिवसा त्रास झाला का? रात्री जाग आली का? झटक्याचा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागला का? खेळ थांबवावा लागला का? एकाचंही उत्तर हो असेल तर काहीतरी बिघडलंय, आणि पहिला संशय पंप घेण्याच्या पद्धतीवर.

शाळेचं काम जूनच्या पहिल्या पालकसभेत सुरू होतं. तीन प्रश्नांची चिठ्ठी सगळ्यांना वाटायची: वर्षभरात घरघर किंवा धाप लागली का, रात्री खोकल्याने उठतं का, वाफ घ्यावी लागली किंवा दवाखान्यात ठेवावं लागलं का. 'दमा आहे का' असं विचारलं तर सगळे नाही म्हणतील. यातून निघालेल्या मुलांच्या गैरहजेरीच्या तारखा मागच्या वर्षीच्या हजेरीपटातून काढून एका कागदावर लिहायच्या आणि तो कागद पालकांबरोबर डॉक्टरांकडे पाठवायचा. डॉक्टरांनी त्याच कागदाच्या मागे लिहून द्यायचं: झटक्याच्या पंपाचं नाव, किती पफ, खेळाआधी घ्यायचा का, स्वतःचा फोन, पालकांचे दोन फोन, तारीख आणि सही. मराठीत, मोठ्या अक्षरात. एक प्रत वर्गशिक्षकांकडे, एक दप्तरात, एक केसपेपरला. दर जूनला नवा कागद.

पंप मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात ठेवणं म्हणजे न ठेवण्यासारखंच. किल्लीवाले सर त्या दिवशी पंचायत समितीत मीटिंगला गेलेले असतात. चौथी-पाचवीपासून पुढच्या मुलाकडे पंप दप्तरातच असावा, लहानांचा वर्गात शिक्षकांच्या टेबलाच्या खणात, कुलूप न लावता. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत नको, फ्रिजमध्येही नको. याशिवाय शाळेचा म्हणून एक सॅल्ब्युटामॉल पंप आणि दोन स्पेसर, एक मास्कचा आणि एक बिनमास्कचा, डॉक्टरांच्या लेखी सूचनेने आणि पालकांच्या संमतीने ठेवता आले तर उत्तम. त्याची मुदत बघण्याचं काम एका नावावर द्यावं. सगळ्यांचं काम म्हटलं की ते कुणीच करत नाही.

वर्गात झटका आला तर मुलाला बसवायचं, किंचित पुढे झुकवून. आडवं करायचं नाही, एकट्याला ऑफिसात पाठवायचं नाही, बाम चोळत बसायचं नाही. चार-चार-चार लक्षात ठेवायचं: स्पेसरमधून चार पफ, एकेक करून, प्रत्येक पफला चार श्वास, मग घड्याळ लावून चार मिनिटं थांबायचं. आराम नसेल तर पुन्हा चार. तरीही नसेल तर १०८, आणि गाडी येईपर्यंत तसंच चालू ठेवायचं. मूल एका दमात वाक्य पुरं करू शकत नाही, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर दिसतात, किंवा मूल पेंगायला लागलंय, तर फोन आधी आणि पफ लगेच सोबत. मघाशी घरघर होती आणि आता छाती शांत झाली, पण मूल दमलेलंच आहे, याला सुधारणा समजू नये. हवाच आतबाहेर होत नसते. जास्त पफ गेले म्हणून घाबरायचं कारण नाही. हात थरथरतील, थोडी धडधड होईल, तासाभरात निवळेल. ज्या मुलाला झटका आला त्याला दोन-तीन दिवसांत पुन्हा डॉक्टरांनी बघायला हवं, हे शाळेने पालकांना फोन करून सांगावं. वाफ घेऊन बरं वाटलं की पालक तिथेच थांबतात.

कोल्हापूरसारख्या फुटबॉलच्या गावात मुलाला खेळातून बसवून ठेवणं ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात चुकीची काळजी. दहा मिनिटं हलकं पळून अंग गरम करावं, आणि कागदावर लिहिलं असेल तर खेळाच्या पंधरा मिनिटं आधी पफ घ्यावा. रोजच्या खेळाला रोज पफ लागत असेल तर ती डॉक्टरांकडे जायची खूण. तालमीत जाणाऱ्यांनी लाल माती उकरायच्या वेळी बाहेर थांबावं. बाकी शाळेत करण्यासारखं साधं आहे: मुलं वर्गात असताना झाडू नये, फळा ओल्या फडक्याने पुसावा, बसकरं उन्हात घालून झटकावीत, कचरा शाळेमागे पेटवू नये, रंगकाम सुट्टीत काढावं. पोषण आहार चुलीवर शिजत असेल तर धूर कोणत्या वर्गात जातो ते बघून त्या वर्गातल्या दम्याच्या मुलाची जागा बदलावी.

शिक्षकांना शिकवायचं कुठे? केंद्रस्तरावर शिक्षण परिषद भरतेच. तिथे जवळच्या डॉक्टरांना अर्धा तास द्यावा, भाषणाला पाच मिनिटं आणि बाकी वेळ पंप हातात. प्रत्येक शिक्षकाने हलवून, लावून, मोजून दाखवायचं. औषध नसलेला सरावाचा पंप डॉक्टर औषध कंपनीच्या प्रतिनिधीकडून मागू शकतात. गावात पहिला डॉक्टर बहुधा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो. या कामात त्यालाच पुढे करावं, कारण रात्री दार त्याचंच वाजतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथकही आहे. २०१३ पासूनच्या या योजनेत शाळेत वर्षातून एकदा तपासणी होते आणि यादीतल्या आजारांत श्वासनलिकेचा हा आजार आहे. अडचण एवढीच की पथक येतं त्या दिवशी मुलाची छाती साफ असते. स्टेथोस्कोपला काही ऐकू येत नाही आणि रकान्यात 'नॉर्मल' पडतं. शिक्षकांनी हजेरीपटातून काढलेला तो कागद पथकापुढे ठेवला तर संदर्भपत्र मिळतं आणि सीपीआरमधली पुढची तपासणी मोफत होते.

ऊसतोड टोळ्यांबरोबर आलेली मुलं यात कुठेच बसत नाहीत. ती दिवाळीच्या सुमारास येतात, फडाशेजारच्या खोपीत राहतात, धुरात आणि थंडीत सगळ्यात जास्त तीच असतात, आणि हंगाम संपला की निघून जातात. त्यांच्यासाठी दोन-तीन महिन्यांचा पुनर्भेटीचा बेत चालत नाही. पहिल्याच भेटीत आईला पंप देऊन तिच्याकडून करून घ्यावं, बाटलीचा स्पेसर तिथेच बनवून द्यावा, पट्टा पडायच्या, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपायच्या आधी गावाकडच्या दोन महिन्यांचं औषध बांधून द्यावं. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आधार कार्डाबरोबर ठेवायला सांगावं, आणि त्यावर गावाकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं नाव आधीच लिहून द्यावं.